आत्याला पाल्मारिस लॉन्गस नाही

रविवारी दुपारचं जेवण झालं की मी आत्याचा उजवा हात मांडीवर घेऊन बसायचे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होते, अप्पर लिंब, म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात, चालू होता, आणि हॉस्टेलवर कोणाचा हात मागायची सोय नव्हती कारण तिथे प्रत्येकालाच दुसऱ्या कोणाचा तरी हात हवा असायचा. आत्याचं घर कर्वेनगरला. तिच्याकडे आमटी-भात, वर तूप, आणि नंतर फुकटचा हात असं ते एकूण पॅकेज होतं. ती टीव्हीकडे तोंड करून बसायची आणि मी तिच्या दंडावर निळ्या स्केचपेनने ब्रेकियल आर्टरी काढायचे, जी साबणाने लवकर जायची नाही, मग सोमवारी भजनी मंडळात तिला पदर दंडावरून ओढून घ्यावा लागायचा. अशाच एका दुपारी मी तिला म्हटलं, अंगठा आणि करंगळी जुळव, आता मनगट जरा आत वाकव. माझं मनगट असं वाकवलं की मधोमध एक टेंडन, म्हणजे स्नायूची दोरी, टर्रकन वर येतो. तिच्या मनगटावर काहीच आलं नाही. पुन्हा करायला लावलं, मग डाव्या हाताने करायला लावलं, तिथेही सपाट. "आत्या, तुला पाल्मारिस लॉन्गसच नाहीये!" मी जवळजवळ ओरडलेच, आनंदाने, कारण पुस्तकात वाचलेली गोष्ट पहिल्यांदा जिवंत माणसात सापडली होती.

"नाहीये म्हणजे? गेला कुठे?"

मग मी तिला सगळं समजावलं, की साधारण पंधरा टक्के लोकांमध्ये हा स्नायू जन्मतःच नसतो, नसला तरी काही म्हणजे काही बिघडत नाही, उलट दुसरीकडे कुठे टेंडन कमी पडला तर सर्जन लोक हाच काढून तिकडे लावतात इतका तो बिनकामाचा आहे. ती ऐकत होती पण दोन्ही मनगटं आलटून पालटून बघत होती. "साठ वर्षं याच हातांनी पोळ्या लाटल्या की," असं काहीतरी पुटपुटली. आणि मग म्हणाली, "तुझ्या बाबाला आहे का बघ." मला ते मजेशीर वाटलं, बाबांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी गावच्या घराच्या ओसरीत उभं राहून कॅमेऱ्यासमोर अंगठा-करंगळी जुळवली, आणि त्यांच्या मनगटावर तो टेंडन इतका स्पष्ट दिसला की रेंज नसतानाही कळावा. आत्या हसली. "असणारच. त्याला सगळंच मिळालं," म्हणाली आणि कपबशा घेऊन आत गेली. बाबाही हसले. मी पण हसले बहुतेक. पण ओसरी कोणाची, घर कोणाच्या नावावर, आणि सही करायला आत्या कधी गेली होती हे आमच्या घरात सगळ्यांना माहिती आहे, त्यामुळे ते वाक्य नंतर बरेच दिवस माझ्या वहीच्या कडेला बसून राहिलं.

पहिल्या वर्षाचं ॲनाटॉमी म्हणजे खरं तर नावांचा पाऊस. ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय, ॲक्शन, या चार खणांत एकेक स्नायू कोंबायचा आणि पुढे जायचं. आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी शपथ दिली, की हा देह आमचा पहिला गुरू, त्याचा मान राखू वगैरे, आणि सगळे खरंच गंभीर होतो, पण फॉर्मलिनने डोळ्यांतून पाणी येत होतं त्यामुळे कोण कशाने रडतंय ते कळायला मार्ग नव्हता. आणि बाहेर आल्यावर जी भूक लागायची! ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही. हात तीनदा धुऊनसुद्धा बोटांना तो वास, आणि त्याच बोटांनी गेटबाहेरचा वडापाव. पहिल्या आठवड्यात चमच्याने खाणारे लोक दुसऱ्या आठवड्यात चटणी चाटत होते.

आमच्या टेबलावर एक आजी होत्या. आजी म्हणायचं नाही, कडॅव्हर म्हणायचं, पण मनात आजीच. नाव आम्हाला कळत नाही. देहदान केलेल्या की बेवारस, तेही आम्हाला कोणी सांगितलं नाही. १९४९ च्या ॲनाटॉमी ॲक्टखाली दोन्ही प्रकारचे देह कॉलेजकडे येऊ शकतात, आणि टेबलावर आल्यावर दोघांमध्ये फरक राहत नाही. आजींच्या डाव्या हातावर, मनगटाच्या थोडं वर, गोंदण होतं. तुळशीवृंदावन असावं, ठिपक्या-ठिपक्यांचं, कातडी काळपट झाल्यामुळे वाकून बघितलं तरच दिसायचं. फोरआर्मला, म्हणजे कोपराखालच्या हाताला, चीर द्यायच्या दिवशी मॅडमनी खडूने रेघ दाखवली, ती बरोबर त्याच्या शेजारून गेली. कातडी सोडवताना ते वृंदावन कातडीबरोबरच उलटं झालं, कारण गोंदणाची शाई डर्मिसमध्ये असते, खाली काही उतरत नाही. खाली सगळ्यांसारखंच, फॅशियाचा पापुद्रा आणि शिरा. कोणीतरी कधीतरी, जत्रेत असेल नाहीतर दारात आलेल्या बाईकडून, सुई टोचून घेताना या हाताची मूठ घट्ट आवळली असणार, असं मला तेव्हा वाटलं. आणि लगेच पुढचा विचार आला की मूठ आवळायला फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशिअलिस आणि प्रोफंडस. तो विचार इतक्या पटकन आला की माझंच मला कसंतरी झालं. (आजींना पाल्मारिस लॉन्गस होता. दोन्हीकडे.)

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नर्व्हचं जाळं, हे अप्पर लिंबचं खरं प्रकरण. मानेतल्या सी-फाइव्हपासून छातीतल्या टी-वनपर्यंत पाच रूट्स निघतात, त्यांचे तीन ट्रंक होतात, प्रत्येकाचे दोन म्हणून सहा डिव्हिजन, परत जुळून तीन कॉर्ड, आणि तिथून मग हाताला जाणाऱ्या नर्व्ह. वरच्या ट्रंकवर एक जागा आहे, अर्ब्ज पॉइंट, तिथे सहा नर्व्ह एकत्र येतात, अलका टॉकीजच्या चौकात रस्ते येतात तसे, आणि तिथे घोळ झाला की खांदा आणि कोपर अडकतात. हे चित्र मी इतक्यांदा काढलं, म्हणजे पीएमटीच्या तिकिटाच्या मागे, मेसच्या टेबलावर सांडलेल्या आमटीत बोटाने, की झोपेतही काढता आलं असतं. पण डिसेक्शन हॉलमध्ये काखेतली चरबी उपसून झाल्यावर जे दिसलं ते चित्रासारखं अजिबात नव्हतं. चित्रात पिवळं, लाल, निळं. आत सगळं एकाच मातकट रंगाचं, आर्टरी कुठली नर्व्ह कुठली हे बोटांत धरून पोकळ लागते का भरीव यावरून ठरवायचं. आधी इंग्रजी एम शोधा, मॅडम म्हणाल्या, मस्क्युलोक्युटेनिअस, मेडियन आणि अल्नर मिळून एमचा आकार होतो, तो सापडला की बाकी सगळं सापडतं. एम सापडला तेव्हा आमच्या टेबलावर चक्क टाळ्या पडल्या. मेडियन नर्व्ह मी पहिल्यांदा चिमट्यात उचलली. वाटली होती त्याच्यापेक्षा जाड होती, चपटी, आणि ओढली तर न तुटणारी.

पाठांतरासाठी इंग्रजीत ठरलेली वाक्यं असतात, पिढ्यान्पिढ्या चालत आलेली, आणि त्यातली निम्मी मुलींवर असतात. मनगटातल्या आठ हाडांचं वाक्य तर 'ती किती सुंदर, पकडायचा प्रयत्न करा' अशा अर्थाचं आहे, आणि बाह्या दुमडून मुलींच्या टेबलासमोर ते मोठ्याने म्हणणारे महाभाग दर बॅचला असतातच. आमच्या रूममध्ये त्याला वैतागून आम्ही आमचं केलं. सदाशिवातले लोक टोमणे पुरवून टाकतात, टपरीवरचे काका हसतात. स्कॅफॉइड, लुनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रपेझियम, ट्रपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. सदाशिव पेठेत राहणारी आमची एक मैत्रीण दोन दिवस बोलत नव्हती, पण व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तिलाही तेच आठवलं.

नावांमध्ये माणसं लपलेली असतात हे मात्र मला आवडायचं. बाळंतपणात बाळाचं डोकं आणि खांदा एकमेकांपासून ताणले गेले तर वरच्या रूट्सना इजा होते, हात आत वळून लटकतो आणि पंजा मागे वळलेला राहतो, त्याला अर्बचं नाव आणि पुस्तकातलं वर्णन काय तर मागे हात करून चिरीमिरी घेणारा पोलीस. (चौकात उभं राहून याची प्रॅक्टिकल उदाहरणं शोधू नका असं सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.) खालच्या रूट्सना इजा झाली तर क्लुम्पके. मी बरेच दिवस क्लुम्पके म्हणजे कोणी दाढीवाला जर्मन म्हातारा समजत होते. ती बाई निघाली. ऑगस्टा क्लुम्पके, १८५९ चा जन्म, सॅन फ्रान्सिस्कोचा, पॅरिसला येऊन डॉक्टरकी शिकणारी, आणि १८८५ मध्ये तिने हे वर्णन लिहिलं तेव्हा ती अजून विद्यार्थिनीच होती. बाईला तिथल्या हॉस्पिटलात इंटर्न म्हणून घ्यायलाही लोकांचा विरोध होता, तरी ती तिथली पहिली बाई इंटर्न झाली. हे वाचताना मी सहज हिशोब केला तर त्याच सुमारास आपली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात हेच सगळं पाठ करत असणार, १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली, आणि पुढच्या फेब्रुवारीत इथे पुण्यात गेली, बावीसही पूर्ण नव्हती. म्हणजे माझ्यापेक्षा फार मोठी नाही. तिनेही हे हाताचे स्नायू शिकले असणार, साडी नेसून, थंडीत. एकीचं नाव अख्ख्या जगाच्या पुस्तकांत बसलं, दुसरीला नावावर एक पेशंट होईल इतकाही वेळ मिळाला नाही. यातून काय काढायचं मला कळत नाही, मी फक्त त्या रात्रीनंतर सी-एट टी-वन, म्हणजे क्लुम्पकेच्या त्या खालच्या रूट्स, कधी विसरले नाही.

माझी रूममेट ताशा वाजवायची. आम्ही नवीन नवीन आलो तेव्हा गणपतीच्या आधीचे दिवस होते, नदीपात्रात पथकांचे सराव चालायचे आणि संध्याकाळी डेक्कनला उतरलं की छातीत ढोल वाजायचा. ती रात्री परत यायची तेव्हा बोटांना चिकटपट्ट्या, मनगटाला क्रेप बँडेज. ढोलवाल्यांचा एक हात टिपरूवर आणि दुसरा थापीवर, त्यांचा जोर खांद्यातून येतो, पण ताशा सगळा मनगटावर, दोन बारीक काड्या आणि वेग. तेव्हा मी नुसतं बघायचे. पुढच्या वर्षी बघायला गेले तर बघणं बिघडलं होतं. ती तर्री वाजवायला लागली की मला एक्स्टेन्सर कार्पाय रेडिअलिस लॉन्गस, ब्रेव्हिस, पाठोपाठ फ्लेक्सर, असं दिसायला लागलं, रेडिअल नर्व्हने मनगट उचललं आणि मेडियनने खाली आणलं, आणि अशा वेळी आजूबाजूची पोरं नाचत असतात आणि आपण मनातल्या मनात स्नायू मोजतोय. एक मात्र खरं, त्या फोरआर्ममधल्या वीसेक स्नायूंची यादी मला पुस्तकातून कधीच लागली नव्हती ती तिच्या हाताकडे बघून लागली. टेबलावरचा हात पडून असतो. कोणता स्नायू का आहे ते तो सांगत नाही, फक्त कुठे आहे ते सांगतो.

तीच रूममेट पुढे पावसात टिळक रोडवर स्कूटीवरून घसरली, तळहातावर पडली. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटाजवळ एक खळगी दिसते, जुनी माणसं तिथे चिमूटभर तपकीर ठेवून ओढायची म्हणतात, त्या खळगीत मी सहज दाबलं तर ती किंचाळली. खाली स्कॅफॉइड असतो. एक्स-रे काढला तर एकदम क्लीन. मला वाटलं चला, वाचली. पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी तरीही प्लास्टर घातलं आणि दोन आठवड्यांनी परत फोटो काढायला बोलावलं, कारण स्कॅफॉइडची चीर सुरुवातीला फोटोत दिसतच नाही अनेकदा, आणि त्या हाडाला रक्त उलट्या बाजूने येतं, बोटांकडून मनगटाकडे, त्यामुळे मधे तुटलं तर आतला तुकडा उपाशी राहून मरतो. ही ओळ मला तोंडपाठ होती. 'अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस ऑफ प्रॉक्झिमल फ्रॅगमेंट', तीन मार्कांचा प्रश्न. ती बिछान्यावर बसून विचारत होती की गणपतीपर्यंत निघेल ना गं प्लास्टर, आणि मला ती ओळ तिच्यासमोर म्हणवेना.

परीक्षा झाली. स्पॉटिंगला घंटा वाजली की पुढच्या खुर्चीवर सरकायचं, एका ट्रेमध्ये आर्म, त्यात टाचणी खोचलेली, टाचणी कशात आहे ते लिहा. व्हायव्हात क्लॅव्हिकल हातात दिलं, साइड सांग. सांगितली. बरी गेली, जास्त काही सांगण्यासारखं नाही.

आत्याचं म्हणाल तर तिने नंतर ते चांगलंच मनावर घेतलं, म्हणजे वेगळ्या अर्थाने. भजनी मंडळात सगळ्यांची मनगटं तपासून झाली. आपल्यासारख्या आणखी दोघी तिला सापडल्या आणि त्यांचं आता फार सूत जमलंय, एकत्र आळंदीला वगैरे जातात. बाबा पुण्याला आले की ती अजूनही कधी कधी त्यांच्या मनगटाकडे बघते. बोलत काही नाही. मला आता वाटतं की तो स्नायू नसल्याचं तिला दुःख नव्हतंच, तिला फक्त इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं होतं की बाई गं, तुझ्याकडे एक गोष्ट कमी आहे आणि ती तुझी चूक नाही. किंवा असंही काही नसेल. मी फार अर्थ काढते, असं आई म्हणते.

पण हाताचा खरा अभ्यास मला मेसच्या काकूंनी करायला लावला. काकू सकाळ-संध्याकाळ मिळून शे-दोनशे पोळ्या लाटायच्या, एकट्या. एकदा ताट वाढताना त्यांनी वाटी खाली ठेवली आणि हात झटकला, थर्मामीटर झटकतात तसा नाही, जोरात, पुन्हा पुन्हा. मी विचारलं काय झालं. "काही नाही गं बाळा, मुंग्या येतात. रात्री तर उठून बसते मी." कुठल्या बोटांना? अंगठा, त्याच्या शेजारची दोन, आणि चौथ्याची अर्धी बाजू. करंगळी? "करंगळी आपली शहाणी आहे." आणि तळव्याला? तळव्याला काही नाही. माझ्या अंगावर काटा आला, कारण पान नंबरसकट तेच होतं. मनगटातल्या बोगद्यातून नऊ टेंडन आणि एक मेडियन नर्व्ह जाते, जागा कमी पडली की नर्व्ह चेपते, आणि तळव्याची फांदी बोगद्याच्या वरून जाते म्हणून तळवा वाचतो. त्यांना दोन्ही मनगटं वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला लावल्या, मिनिटभर. मिनिट व्हायच्या आतच "आल्या आल्या मुंग्या" म्हणाल्या आणि मागे रांगेत उभी असलेली पोरं हसली.

मी पहिल्या वर्षाची, मला औषध सांगायचा अधिकार नाही, हे मी त्यांना सांगितलं, आणि ओपीडीत जाऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, रात्री बांधायला पट्टा देतील, हाताला जरा आराम द्या म्हटलं. आराम शब्द ऐकून त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मलाच कसंनुसं झालं. "नवरात्र होऊ देत, मग जाते." नवरात्र झालं. "दसऱ्याला पुरणपोळीची ऑर्डर आहे गं, ती झाली की." दसरा झाला. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा जरा बसलाय की काय असं मला वाटायचं, मी रोज ताट घेताना तिकडेच बघायचे, पोळीकडे नाही. एकदा तर मी ओपीडीचा केसपेपर काढून आणला, तो त्यांनी घडी घालून मसाल्याच्या डब्याखाली ठेवला, जाईन म्हणाल्या.

दिवाळीच्या आधी मेसवर गेले तर ओट्यावर भाजणीचा डोंगर आणि काकूंच्या हातात पितळी सोऱ्या. चकलीचं पीठ घट्ट भिजलं होतं, त्या दोन्ही हातांनी मूठ पिळत होत्या आणि दर चार चकल्यांनंतर थांबून हात झटकत होत्या. मी काही न बोलता सोऱ्या त्यांच्या हातातून घेतला. "जमेल का तुला?" म्हणाल्या. जमलं नाही. माझ्या चकल्यांचे तुकडे पडले, वळण धरेना, काटे गायब, आणि कढईत गेल्यावर उरल्यासुरल्या त्याही सुटल्या. काकूंनी ऑर्डरच्या डब्यांमधून माझा घाणा बाजूला काढला आणि आमच्या टेबलाकडे सरकवला. "हे तुमच्यात वाटा. डॉक्टरांनी केलंय म्हणावं. आणि हे बघ, पीठ अजून निम्मं आहे, थांबलीस का?"